आवारातले झाड आणि महापालिकेचा नकार

मुंबईत झाडांवरून वाद पेटतो तो बहुधा सरकारी जमिनीवरच्या किंवा रस्त्याकडेच्या झाडांवरून. आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीच्या अंधारात सुरू झालेल्या तोडीत दोन हजारांहून अधिक झाडे गेली, तेव्हा सारे शहर ढवळून निघाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. तो संताप योग्यच होता. मात्र मुंबईतली बहुसंख्य झाडे नेमकी कुठे उभी आहेत हे पाहिले, तर आपले लक्ष आणखी एका ठिकाणी वळायला हवे होते असे वाटते. महापालिकेने गेल्या दशकात केलेल्या वृक्षगणनेत शहरात २९ लाख ७५ हजार २८३ झाडे नोंदवली गेली. त्यांपैकी १५ लाख ६३ हजार ७०१ झाडे खासगी आवारांत होती, ११ लाख २५ हजार १८२ सरकारी आवारांत, १ लाख ८५ हजार ३३३ रस्त्यांच्या कडेला आणि उरलेली १ लाख १ हजार ६७ उद्यानांत. म्हणजे शंभर झाडांतली बावन्न-त्रेपन्न झाडे कोणाच्या तरी कुंपणाच्या आत आहेत आणि ज्यांच्यावरून आपण सर्वाधिक बोलतो ती रस्त्याकडेची झाडे जेमतेम सहा आहेत. या शहराची सावली मुख्यतः गृहनिर्माण संस्थांच्या, जुन्या चाळींच्या, वाड्यांच्या, बंगल्यांच्या आणि शाळा-कारखान्यांच्या आवारांत टिकून आहे. तिचे भवितव्य सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत, विकासकांच्या नकाशांवर आणि वॉर्ड कार्यालयातल्या उद्यान खात्याच्या टेबलावर ठरते.

या झाडांना लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यानुसार स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचे झाडसुद्धा वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या महापालिकेच्या समितीच्या, पूर्वपरवानगीशिवाय तोडता येत नाही. मालकाने कारणे देऊन अर्ज करायचा, वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करायची, झाडावर ठळकपणे नोटीस लावायची, वर्तमानपत्रातून ती जाहीर करायची, नागरिकांच्या हरकती ऐकायच्या आणि मग निर्णय द्यायचा, असा हा क्रम आहे. झाड मेलेले असेल, रोगट असेल, वाऱ्याने पडलेले असेल किंवा त्याच्यापासून जीविताला व मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी नाकारू नये असेही कायदा सांगतो. विनापरवाना तोडीसाठी दंडाबरोबर कैदेची तरतूद आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ असा वेगळा दर्जा दिला आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले.

हे बंधन मला मनापासून मान्य आहे आणि ते सैल करण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. माझी तक्रार वेगळी आहे. खासगी आवारातल्या मोठ्या झाडाबद्दल आपली व्यवस्था ‘हो’ किंवा ‘नाही’ यापलीकडे फारसे काही बोलत नाही. ‘हो’ म्हटले की झाड जाते. ‘नाही’ म्हटले की झाड राहते, पण त्याच्या देखभालीचा खर्च, त्याची काळजी आणि ते पडल्यास येणारा दोष हे सारे मालकाच्या किंवा सोसायटीच्या माथी राहते. लोकहितासाठी नकार देण्याचा अधिकार महापालिकेने स्वतःकडे घेतला आहे, तर त्या नकाराचा काही भार तिने उचलला पाहिजे. तो उचलला जात नाही, म्हणून वाचवलेली झाडे मारली जातात आणि नवी मोठी झाडे लावायला कोणी धजावत नाही.

‘जमीन माझी, झाड माझे, मग ठेवायचे की काढायचे ते मी ठरवीन’ हा युक्तिवाद अनेक सभांमध्ये ऐकू येतो आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. मुंबईत कुठलीही जमीन बिनशर्त कोणाचीच नसते. किती चटईक्षेत्र वापरायचे, इमारतीभोवती किती जागा मोकळी सोडायची, विमानतळाजवळ किती उंच बांधायचे, पावसाचे पाणी जमिनीत कसे जिरवायचे, यावर नियम आहेत आणि ते आपण पाळतो, कारण आपल्या भूखंडावर घडणाऱ्या गोष्टीचा परिणाम शेजाऱ्यावर होतो. मोठ्या झाडाचेही तसेच आहे. त्याची सावली कुंपणाबाहेरच्या पदपथावर पडते, ते धूळ अडवते, त्याच्या मुळांशी पाणी मुरते, त्याच्यावर शेजारच्या तीन इमारतींत ऐकू येणारे पक्षी राहतात. पर्यावरणाचे रक्षण करणे हे राज्यघटनेच्या ५१-क कलमाने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मथुरा-वृंदावन परिसरातल्या एका खासगी जमिनीवर विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी प्रत्येक झाडामागे १ लाख रुपये दंड कायम केला आणि तेवढे हरित आच्छादन पुन्हा निर्माण व्हायला किमान शंभर वर्षे लागतील असे सांगितले. ती झाडे खासगी जमिनीवर होती, या कारणाने न्यायालयाने हात आखडता घेतला नाही.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. आवारातल्या झाडाचा लाभ सगळ्यांना होतो म्हणून ते तोडायला मालकाला मनाई आहे, हे एकदा म्हटले की त्या लाभाची किंमत एकट्या मालकाने का मोजावी, या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. आज तरी ते दिले जात नाही.

उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी हा प्रश्न अगदी जवळून पाहिला. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चार इमारती आणि मधल्या मोकळ्या जागेत एक प्रचंड पर्जन्यवृक्ष, ज्याला सगळे ‘रेन ट्री’ म्हणतात. त्याचा घेर दोन माणसांच्या कवेत मावत नाही. त्याच्या एका आडव्या फांदीखाली बी विंगचे जिने येतात आणि मागच्या पावसाळ्यात त्या फांदीचा शेंडा तुटून एका मोटारीच्या काचेवर पडला होता. सभेत झाडाचा द्वेष करणारे कोणीही नव्हते. तळमजल्यावरच्या सत्तरीच्या काकूंनी सांगितले की, मे महिन्यात दुपारी त्यांच्या घरात पंख्यावर भागते ते या झाडामुळे. पहिल्या मजल्यावरच्या एका तरुण वडिलांनी विचारले, ‘संध्याकाळी पोरं याच्याखालीच खेळतात. उद्या काही झालं तर पोलीस सेक्रेटरींना बोलावतील की झाड वाचवा म्हणणाऱ्यांना?’ सेक्रेटरी निवृत्त बँक कर्मचारी आहेत आणि मानधन न घेता काम करतात. त्यांनी छाटणीचे दरपत्रक वाचून दाखवले. उंच शिडीची गाडी, मजूर, लाकूड वाहून नेणे, सगळे धरून ती रक्कम सोसायटीच्या दुरुस्ती निधीतल्या शिलकीच्या निम्म्याच्या आसपास जात होती आणि दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा लागणार होती. शेवटी ठराव झाला तो झाड काढण्यासाठी अर्ज करण्याचा. विरोधात हात वर करणाऱ्यांत काकू होत्या. मात्र ठरावाच्या बाजूने हात वर करणाऱ्यांनाही मी दोष देऊ शकलो नाही. त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले गेले होते, झाड काढणे किंवा सारी जोखीम अनिश्चित काळ एकट्याने उचलणे.

आणि ही जोखीम काल्पनिक नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरमध्ये रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि त्यात तिचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची परवानगी आधीच मागितली होती आणि पाहणीनंतर ती नाकारण्यात आली होती, असे तेव्हाच्या बातम्यांतून पुढे आले. या घटनेनंतर दोन टोकांची मते ऐकू आली. एक, झाडे माणसांपेक्षा मोठी झाली आहेत, आता परवानगीचा जाच बंद करा. दुसरे, एका अपघातावरून साऱ्या झाडांना गुन्हेगार ठरवू नका. खरा प्रश्न या दोन्हींच्या मध्ये होता. ‘झाड सुस्थितीत आहे’ हा निष्कर्ष कोणत्या तपासणीवरून काढला गेला, तो कोणत्या मुदतीपर्यंत खरा मानायचा आणि तो चुकला तर उत्तर कोणी द्यायचे?

झाडाची तपासणी ही नजर टाकून संपणारी गोष्ट नाही. हिरवीगार पालवी असलेले झाड आतून पोखरलेले असू शकते. बुंध्याशी बुरशीची छत्रे उगवली आहेत का, जुन्या छाटणीच्या जागी ढोली झाली आहे का, खोडावर लाकडी हातोड्याने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, झाड एका बाजूला झुकत असेल तर विरुद्ध बाजूच्या मातीला भेगा पडल्या आहेत का, गेल्या काही वर्षांत बुंध्याजवळून गटाराची किंवा केबलची चर खणली गेली आहे का, हे सारे पाहावे लागते. खोडाची आतली पोकळी ध्वनिलहरींनी मोजणारी उपकरणेही आता उपलब्ध आहेत. एका वॉर्डातल्या मोजक्या कर्मचाऱ्यांनी पावसाळ्याच्या तोंडावर शेकडो अर्ज निकाली काढायचे म्हटले, तर एवढ्या खोलात जाणे अशक्यच आहे. मग संशय आला तर काय करायचे, हे प्रत्येकाच्या स्वभावावर राहते. सावध अधिकारी परवानगी देतो, झाडांवर जीव असलेला अधिकारी नाकारतो आणि दोघांच्याही निर्णयामागे कागदावर पुरेसे कारण सापडत नाही.

मुंबईतली झाडे का पडतात याचा विचार केला, तर दोष बहुतेक वेळा झाडाकडे कमी आणि आपल्याकडे जास्त येतो. सोसायटीचे आवार स्वच्छ दिसावे म्हणून बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट घातले जाते. मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, बारीक शोषक मुळे मरतात आणि झाड फक्त वजनावर उभे राहते. जलवाहिनीसाठी चर खणताना आड येणारे जाड मूळ कुदळीने तोडले जाते आणि वर माती टाकली जाते. ते मूळ त्या बाजूच्या वाऱ्याला धरून ठेवणारे होते, हे पुढच्या वादळात कळते. त्यात छाटणी चुकीची होते. खिडकीकडे येणाऱ्या फांद्या तेवढ्या कापायच्या आणि रस्त्याकडच्या ठेवायच्या, अशा एकांगी छाटणीने पर्णसंभाराचा सारा तोल एका बाजूला जातो. फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या बाहेरून नीट काप घेतला, तर झाड ती जखम स्वतः भरून काढते. पण हातभर खुंट ठेवून कापली, तर तो खुंट कुजतो आणि कूज खोडात उतरते. त्यात गुलमोहर आणि सोनमोहर यांसारखी उथळ मुळांची, ठिसूळ लाकडाची झाडे आपण एकेकाळी सरसकट लावली. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडे पडली, त्यामागे वाऱ्याचा वेग होता तसा हा वर्षानुवर्षांचा हलगर्जीपणाही होता. खोडांवरचे खिळे काढण्याची आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट फोडण्याची मोहीम महापालिकेने मध्यंतरी हाती घेतली होती. ती चांगली होती, पण रस्त्याकडच्या झाडांपुरती. ज्या आवारांत निम्म्याहून अधिक झाडे आहेत तिथपर्यंत ती पोहोचलीच नाही.

सारा भार मालकावर टाकणाऱ्या नियमाचा एक परिणाम कोणत्याही गणनेत दिसत नाही. भिंतीच्या फटीत उगवलेले पिंपळाचे रोप इमारतीसाठी काढावेच लागते, तो भाग वेगळा. पण आवाराच्या कोपऱ्यात आपोआप आलेले उंबराचे, जांभळाचे, करंजाचे रोपसुद्धा आता हाताएवढे होण्याआधीच उपटले जाते, कारण ‘एकदा मोठं झालं की मग हात लावता येत नाही’ हे प्रत्येक कमिटीला ठाऊक झाले आहे. नव्या सोसायट्यांमध्ये पाम, कुंड्यांतला चाफा आणि हिरवळीचे पट्टे दिसतात. वड, आंबा, बकुळ, ताम्हण क्वचित दिसतात. मोठ्या झाडाला कायद्याने संरक्षण दिले, पण मोठे झाड बाळगणाऱ्याला कोणताही आधार दिला नाही, त्यामुळे मोठे झाड होऊच न देणे हा सर्वांत सोयीचा मार्ग ठरला. तीस-चाळीस वर्षांनी याची किंमत कळेल, तेव्हा आजची झाडे वयाने संपलेली असतील आणि त्यांची जागा घेणारी झाडे लावलेलीच नसतील.

दुसरा परिणाम अधिक क्रूर आहे. परवानगी नाकारलेली काही झाडे पुढच्या दोन-तीन वर्षांत गुपचूप मरतात. खोडाची साल गोलाकार सोलली जाते, भोके पाडून त्यात रसायन ओतले जाते, बुंध्याशी बांधकामाचा राडारोडा रचला जातो किंवा ‘छाटणी’च्या परवानगीवर झाडाचा नुसता खांब उरवला जातो. मग ‘वाळलेले झाड’ म्हणून नवा अर्ज येतो आणि मेलेल्या झाडाला परवानगी नाकारता येत नाही. हा गुन्हा आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण नकार दिलेल्या झाडाकडे सहा महिन्यांनी कोणी पुन्हा फिरकतच नसेल, तर असा गुन्हा उघडकीला येणार कसा?

इथवर मी सामान्य सोसायटीविषयी बोललो. पुनर्विकासाची गोष्ट निराळी आहे आणि दोन्हींना एकाच तराजूत तोलणे हीच आपल्या व्यवस्थेची मोठी चूक आहे असे मला वाटते. एका धोकादायक फांदीने घाबरलेली सोसायटी आणि संपूर्ण भूखंड मोकळा करू पाहणारा विकासक हे दोघे एकाच नमुन्यातला अर्ज भरतात. पहिल्याला झाडाबरोबर राहायचे आहे, फक्त त्याला सुरक्षितता हवी आहे. दुसऱ्याच्या नकाशात झाडाला जागाच ठेवलेली नसते. विक्रोळीचे कन्नमवार नगर, चेंबूरचे टिळक नगर, घाटकोपरचे पंत नगर यांसारख्या म्हाडाच्या वसाहती, दादर-माटुंग्यातल्या जुन्या कॉलन्या, पार्ल्याचे बंगले, या साऱ्यांत बैठ्या किंवा तीन-चार मजली इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत पन्नास-साठ वर्षांत झाडे वाढली. आता तिथे टॉवर येत आहेत. टॉवरला तळघरातले किंवा पोडियमवरचे, म्हणजे इमारतीच्या तळाशी बांधलेल्या उंच चौथऱ्यावरचे, वाहनतळ लागते आणि ते भूखंडाच्या कडेपर्यंत पसरते. झाड वाचवायचे म्हणून खोडाभोवती चार फुटांचे पिंजरे उभारले, तरी पिंजऱ्याबाहेरची सारी मुळे खोदकामात जातात.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात मनोरंजनासाठी राखायची किमान मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच असली पाहिजे, पोडियमवरची जागा तिला पर्याय ठरू शकत नाही, अशी भूमिका घेतली होती. झाडांच्या दृष्टीने हा फार महत्त्वाचा विचार आहे. पोडियमवरच्या दोन-तीन फूट मातीत गवत येते, झुडपे येतात. वडाला, आंब्याला, जांभळाला खाली अखंड जमीन लागते. म्हणून पुनर्विकासात संरक्षण झाडांच्या संख्येला नको, जमिनीला हवे. नकाशा तयार होण्याआधी भूखंडावरच्या प्रत्येक मोठ्या झाडाची नोंद आणि त्याच्या मुळांचा विस्तार दाखवणारा आराखडा सादर झाला पाहिजे, आणि तेवढ्या भागाखाली तळघर येणार नाही हे पहिल्याच टप्प्यावर ठरले पाहिजे. आज बहुतेक वेळा घडते ते उलटे. नकाशा आधी पक्का होतो, रहिवाशांना जागा वाटून होतात, भाडी सुरू होतात आणि मग झाडांचा प्रस्ताव येतो. त्या टप्प्यावर झाडासाठी ‘नाही’ म्हणणे म्हणजे शेकडो कुटुंबांचा पुनर्विकास अडवणे, असे चित्र उभे राहते आणि परवानगी मिळतेच.

त्या परवानगीबरोबर येणाऱ्या भरपाईच्या लागवडीवर माझा विश्वास कमी आहे. साठ वर्षांच्या झाडाच्या बदल्यात साठ रोपे, हे गणित कागदावर उदार दिसते. पण साठ वर्षांच्या झाडाचा पर्णसंभार आणि सावली साठ रोपे पुढची कित्येक वर्षे देऊ शकत नाहीत आणि ती रोपे लावायला त्याच गल्लीत जागाही नसते. मग ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एकमेकांपासून हातभर अंतरावर लावली जातात. सावली माटुंग्यातून जाते आणि रोपे कुठल्या तरी खाडीकाठच्या पट्ट्यात जातात. पुनर्रोपणाचेही तेच. मोठ्या झाडाची मुळे छाटून त्याचा गड्डा दुसरीकडे नेला, तर ते जगेल याची खात्री नसते. आरेमध्ये मेट्रोसाठी हलवलेली अनेक झाडे मेली, हे सर्वांनी पाहिले आहे. पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मूल्य त्याच्या वयाला ७४ हजार ५०० रुपयांनी गुणून काढावे असे २०२१ मध्ये सुचवले होते. हा आकडा जसाच्या तसा लागू करा असे माझे म्हणणे नाही. पण साठ वर्षांच्या एका झाडाची किंमत त्या हिशेबाने ४४ लाख ७० हजार रुपये होते, हे लक्षात घेतले तर वास्तुविशारद तळघराची रेषा चार मीटर आत घेण्याचा विचार नक्की करतील.

सोसायटीच्या झाडाकडे परत येतो. वृक्ष प्राधिकरणाला फक्त परवानग्या देण्यासाठी निर्माण केलेले नाही. झाडांची गणना करणे, रोपवाटिका चालवणे, रोपे पुरवणे आणि झाडे लावण्या-जपण्याच्या कामात खासगी व सार्वजनिक संस्थांना साहाय्य करणे हीही त्याची कामे म्हणून १९७५ च्या कायद्यातच नोंदवली आहेत. म्हणजे मी जे मागतो आहे त्याचा पाया कायद्यात आधीपासून आहे, गेल्या पन्नास वर्षांत आपण तो अर्धाच वापरला. साहाय्याचा अर्थ काय असावा? परवानगी नाकारताना त्या पत्रात नुसता निष्कर्ष नसावा. कोणते दोष पाहिले, कोणती फांदी कशी आणि कुठे कापायची, बुंध्याभोवती किती जागा मोकळी करायची, कुठे आधार द्यायचा आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात होईल, हे छायाचित्रांसह लिहिलेले असावे. पन्नास वर्षांवरच्या झाडाच्या अशा कामाचा खर्च प्राधिकरणाने पूर्णपणे आणि इतर मोठ्या झाडांचा निम्मा उचलावा. बुंध्याचा घेर मोजून मालमत्ता करात ठरावीक सूट द्यावी, म्हणजे मोठे झाड असणे हा सोसायटीच्या ताळेबंदात केवळ खर्च राहणार नाही. आणि सोसायटीने सांगितलेले काम वेळेत केले असेल, तरीही झाड पडून कोणाचे नुकसान झाले, तर भरपाईची जबाबदारी महापालिकेने घ्यावी. अशा झाडांसाठी शहराने एकत्रित विमा उतरवला, तर जोखीम लाखो झाडांवर विभागली जाईल. सेक्रेटरीच्या डोक्यावर आज जे ओझे आहे, त्यातले बरेचसे एवढ्याने उतरेल.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला झाडांसाठी झटणाऱ्या मित्रांकडूनच ऐकायला मिळाला. जबाबदारी महापालिकेवर टाकली तर अधिकारी घाबरतील आणि नकार देण्याऐवजी सरसकट तोडीच्या परवानग्या देऊ लागतील, म्हणजे झाडांचे भले होण्याऐवजी वाटोळे होईल. ही भीती मी हलकी मानत नाही. कोणत्याही अधिकाऱ्याला सर्वांत सुरक्षित वाटणारा निर्णय तोच घेतला जातो आणि तोडलेले झाड कधी कोणावर पडत नाही. म्हणून परवानगी देणेही तितकेच जाब विचारले जाणारे काम झाले पाहिजे. झाडावर लावलेली नोटीस पावसात भिजून जाते आणि इंग्रजी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची जाहिरात त्या गल्लीतले रहिवासी वाचत नाहीत. प्रत्येक अर्ज, त्यावरचा तपासणी अहवाल, छायाचित्रे आणि निर्णय हे सारे वॉर्डनिहाय नकाशावर मराठीत खुले असले पाहिजे, आणि धोकादायक ठरवलेल्या पन्नास वर्षांवरच्या झाडाची दुसऱ्या वॉर्डातल्या तज्ज्ञाकडून फेरतपासणी झाल्याशिवाय करवत चालता कामा नये. तातडीचा धोका असेल तर आधी झाड हटवून लगेच वृक्ष अधिकाऱ्याला कळवण्याची मुभा कायद्यात आहे, ती तशीच राहावी. निर्णय एका व्यक्तीच्या हाती नसणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. २५ पर्यंत झाडांचे प्रस्ताव एकट्या आयुक्तांनी मंजूर करावेत, अशी दुरुस्ती मध्यंतरी झाली आणि तिला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यानंतर तर दीर्घकाळ लोकप्रतिनिधीच नव्हते आणि प्राधिकरणात नागरिकांच्या बाजूने बोलणारा आवाज क्षीण झाला होता. त्या काळाने दाखवून दिले की, वनस्पतिशास्त्र जाणणारे तज्ज्ञ सदस्य आणि खुल्या बैठका या प्राधिकरणाच्या शोभेच्या वस्तू नव्हेत.

पैशाचा प्रश्न राहतो. तो मोठा दिसतो, पण सोडवता येण्यासारखा आहे. पुनर्विकासाच्या प्रस्तावांतून महापालिकेकडे अधिमूल्य (प्रीमियम), शुल्क आणि अनामत रकमा जमा होतात. झाडांची किंमत वयानुसार आणि खऱ्या अर्थाने आकारली, तर तोडीचा मोबदला वाचवलेल्या झाडांच्या देखभालीला वापरता येईल, तोही शक्यतो त्याच वॉर्डात. सुरुवात साऱ्या शहरात एकदम करायचीही गरज नाही. जुन्या झाडांची दाट वस्ती असलेला माटुंग्याचा एफ उत्तर किंवा मुलुंडचा टी यांसारखा एखादा वॉर्ड घ्यावा, तिथल्या सोसायट्यांमधल्या पन्नास वर्षांवरच्या झाडांची ऑक्टोबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत तपासणी पूर्ण करावी, मार्च-एप्रिलमध्ये शिकलेल्या हातांकडून छाटणी करून घ्यावी आणि मेअखेर बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक काढून घ्यावेत. त्या पावसाळ्यात त्या वॉर्डात किती झाडे पडली, किती अर्ज मागे घेतले गेले आणि एकूण खर्च किती आला, याचा हिशेब पुढच्या अर्थसंकल्पाआधी महापालिकेच्या सभागृहापुढे ठेवावा.